विटाळ, जंतू आणि सिस्टरचा हात

विटाळ डोळ्यांना दिसत नाही. जंतूही दिसत नाही. विटाळ शिवल्यानं लागतो म्हणतात. जंतूही पुष्कळदा शिवल्यानंच लागतो. विटाळ झाला की आंघोळ, जंतू लागला की हात धुणं. मग या दोहोंत फरक काय, असं कुणी विचारलं तर आपण काय उत्तर देणार? आणि हा प्रश्न विचारला जातो, मित्रहो. २०२० साली करोना आला तेव्हा शिकल्यासवरल्या तोंडांनी तो विचारला. बघा, आमचे वाडवडील लांब उभे राहायचे, बाहेरून आलं की पाय धुवायचे, कुणाच्या हातचं खायचे नाहीत. सोवळं म्हणजे विज्ञानच होतं, असं सांगत सुटले. आपण रागावलो. पण राग म्हणजे उत्तर नव्हे. मला उत्तर कुठल्या पोथीत सापडलं नाही. वाशीतल्या एका दवाखान्यात, मायच्या खाटेशी बसून सापडलं.

माझी माय जालन्याकडची. १९७२ च्या दुष्काळात तुर्भ्याच्या खाणीवर खडी फोडायला आली. सिडको १९७० साली निघाली होती. खाडीपल्याड नवं शहर उभं राहायचं होतं आणि त्या शहराला खडी पाहिजे होती. शहर उभं राहिलं. माय तुर्भ्याच्या झोपडपट्टीत राहिली. खाणीची धूळ छातीत बसली की टीबीला आयतं घर मिळतं, हे डॉक्टरांना माहीत आहे. खाणमालकांनाही माहीत असणारच. दोन वर्षांमागं तिचा खोकला हटेना. दवाखान्यात टाकली. थुंकीत टीबी निघाला. मग तिला वॉर्डातून काढून पार टोकाच्या खोलीत नेलं. गावाच्या टोकाला राहण्याची तिला सवय होतीच.

त्या खोलीत एक सिस्टर यायची. यायची म्हणजे दारापर्यंत. गोळ्यांची पुडी लांबून खाटेवर टाकायची. पाणी मागितलं तर मायला पेला पुढं धरायला सांगून बाटलीतून वरून ओतायची. एक शब्द नाही. तोंडावर मास्क, त्यामुळं चेहरा नाही. दुसऱ्या दिवशी माय मला म्हणाली, "इथं बी वरूनच वाढतेत का रे?"

मी म्हणालो, माय, ते रोगामुळं आहे. ती म्हणाली, "तवा बी कायतरी कारण सांगायचेच की."

मी गप्प झालो. नंतर कळलं की माय बरोबर होती आणि मी चूक. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. रोगी खोकतो, बोलतो, त्यातून जंतू हवेत येतात आणि कोंदट खोलीत तरंगत राहतात. म्हणून मास्क पाहिजे, खिडकी उघडी पाहिजे, खोली वेगळी पाहिजे. हे सगळं योग्य. पण टीबी पेल्यातून पसरत नाही. ताटातून पसरत नाही. हात धरल्यानं पसरत नाही. म्हणजे मास्क जंतूसाठी होता आणि वरून ओतलेलं पाणी विटाळासाठी होतं. एकाच बाईच्या एकाच अंगावर दोन्ही होते आणि तिला त्यातला फरक कळत नव्हता. आणखी एक सांगतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. ती सिस्टर आपल्यातलीच होती. तिच्या मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो होता. विटाळ फक्त भटाच्या घरात राहतो या भ्रमात आपण राहू नये. तो पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या सवयीत उतरतो, आणि संधी मिळाली की आपल्याही हातातून बाहेर येतो.

आता मूळ प्रश्न. फरक काय?

१८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. तिथं बाळंतिणींचे दोन वॉर्ड. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतज्वरानं बाया फार मरायच्या, सुइणींच्यात पुष्कळ कमी. बाया हातापाया पडायच्या की आम्हाला सुइणींकडं टाका. सेमेलवाइसच्या ध्यानात आलं की डॉक्टर मंडळी मुडदे फाडून तसेच बाळंतिणीकडं येतात. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिल १८४७ मध्ये त्या वॉर्डात शंभरातल्या अठरा बाया मरत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण दोनाच्या घरात आलं. एवढं होऊनही मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही. आपले प्रतिष्ठित हात बाईला मारतात हे त्यांना सोसवेना. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात मेला.

इथं फरक सापडतो. विटाळ म्हणतो, तू घाण आहेस, मला शिवू नकोस. जंतूचं शास्त्र म्हणतं, माझा हात घाण असेल, तुला शिवण्याआधी मी तो धुतो. संशयाची दिशाच उलटी आहे. विटाळात संशय समोरच्यावर, शास्त्रात पहिला संशय स्वतःवर. जागतिक आरोग्य संघटनेनं हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा ठरवून दिल्या आहेत, नर्सिंगच्या पोरींकडून त्या पाठ करून घेतात. रोग्याला हात लावण्याआधी. जखम, सुई, नळी असं काही निर्जंतुक काम करण्याआधी. रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यावर. रोग्याला हात लावून झाल्यावर. त्याच्या खाटेला, टेबलाला हात लागल्यावर. यातल्या पहिल्या दोन वेळा बघा. त्या सिस्टरच्या रक्षणासाठी नाहीत, रोग्याला सिस्टरपासून वाचवण्यासाठी आहेत. मनुस्मृतीच्या कुठल्या भाष्यकाराला हे सुचलं असतं? शूद्राला शिवण्याआधी स्वतःचे हात धू, कारण तुझ्या हाताची घाण त्याला लागेल?

आपल्याकडं बाळंतिणीची सुईण म्हणून मांगीण यायची. नाळ तिनं कापायची, रक्त तिनं काढायचं, पोराला पहिला हात तिचा. ते झालं की तीच मांगीण उंबऱ्याबाहेर. त्या घरात तिच्या हाताची गरज होती, पण त्या हाताला मान नव्हता. आणि तिला साबण, उकळतं पाणी, स्वच्छ पातं द्यावं हे कुणालाच सुचलं नाही. पोरं धनुर्वातानं मेली तरी नाही. विटाळाचा एवढा जागता पहारा, आणि खरी घाण उघड्या दारानं आत येत होती.

दुसरा दाखला आपल्या वाटेवरचाच आहे. पनवेलहून गोव्याचा रस्ता धरला की महाड लागतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. माणसं प्यायली म्हणून सवर्णांनी तळं शुद्ध केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी पाण्यात ओतून. पिण्याच्या पाण्यात शेण घालून ते शुद्ध करतात! शुद्ध आणि स्वच्छ हे दोन शब्द किती लांबचे आहेत, हे याहून स्पष्ट कोण सांगणार? सोवळं म्हणजे विज्ञान, असं म्हणणाऱ्याला महाडच्या घागरींचा हिशेब विचारावा.

तिसरा फरक असा की शास्त्र सगळ्यांना एक नियम लावतं. हे शास्त्रालाही एकदम कळलं नाही. पूर्वी ज्याचा रोग माहीत असेल त्याच्या खाटेला चिठ्ठी लावायची आणि तेवढ्यापुरती काळजी घ्यायची, अशी रीत होती. चिठ्ठी लागली की माणूस संपला. एड्स आल्यावर, १९८५ नंतर, अमेरिकेतून नवा विचार पुढं आला. कुणाच्या रक्तात काय आहे हे बघून कळत नाही, तेव्हा प्रत्येकाचं रक्त सारखंच धोक्याचं समजा. प्रत्येकासाठी हातमोजे, प्रत्येकासाठी वेगळी सुई, शेठ असो की नाक्यावरचा मजूर. भारतात एचआयव्ही १९८६ साली सापडला. रोग्याशी भेदभाव करायला मनाई करणारा कायदा यायला २०१७ साल उजाडलं. त्याच कायद्यात दवाखान्यानं आपल्या माणसांना बचावाची साधनं दिली पाहिजेत, हेही आहे. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात आहेत, हे महत्त्वाचं. भेदभाव करू नको म्हणायचं आणि हातमोजा द्यायचा नाही, हे चालत नाही. सगळ्यांसाठी एकच खबरदारी, म्हणून कुणावरही शिक्का नाही. मला ही समतेची गोष्ट वाटते. रोगापुढं माणसाचं आडनाव न विचारण्याची गोष्ट.

पण एवढ्यानं भागत नाही. कारण मास्क आणि हातमोजा यांना तोंड नसतं. ते बोलत नाहीत. ज्याच्या वाडवडिलांना लांब उभं केलं गेलं, त्याला लांब उभं राहणारा प्रत्येक माणूस तोच वाटतो. तेव्हा अंतर ठेवायचं असेल तर ते का ठेवतो हे सांगावं लागतं. न सांगता ठेवलेलं अंतर म्हणजे अस्पृश्यता, मग त्यामागं कितीही शास्त्र असो.

इतिहासात याची किंमत मोजलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. रोग्याला धरून दवाखान्यात नेतात, तिथून मढंच परत येतं, अशी दहशत पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावानं ऑर्थर रोडच्या साथीच्या दवाखान्यावर हल्ला केला. पुण्यात १८९७ साली रँडचे सोल्जर घराघरात घुसले, आणि लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. लपवलेला रोगी म्हणजे मोकळा सुटलेला रोग. भीती वाढली की साथ वाढते. म्हणून रोग्याचं मन सांभाळणं हे काम झाल्यावरचं गोड बोलणं नव्हे. ते रोग थोपवण्याचंच काम आहे. घाबरलेला माणूस खोकला दाबतो, लक्षण सांगत नाही, सलाईन उपटतो, रात्री वॉर्डातून पळतो. टीबीच्या गोळ्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात. अपमान झालेला माणूस दुसऱ्या महिन्यात सोडून देतो, आणि मग औषधाला न जुमानणारा टीबी घेऊन वस्तीत फिरतो. एका सिस्टरनं वरून ओतलेलं पाणी असं कुठवर पोचतं बघा.

चौथ्या दिवशी दुसरी सिस्टर ड्युटीवर आली. तिनं आधी खिडकी उघडली. मग स्टूल ओढून मायसमोर बसली आणि आपलं नाव सांगितलं. तिच्याही तोंडावर मास्क होता. पण ती म्हणाली, "आजी, हे फडकं तुमच्या खोकल्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. तुम्हीही मास्क लावा. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत रोग दुसऱ्याला लागायचा जोर ओसरतो." मग तिनं मायच्या डोळ्यांदेखत हात चोळले आणि म्हणाली, "बाहेरच्या रोग्यांचं काही तुम्हाला लागायला नको." सुई टोचण्याआधी सांगितलं, आता टोचते, दुखेल, दहा आकडे मोजा. पेला हातात दिला. निघताना सांगितलं की मी परत सहाला येते, आणि सहाला आली. एवढंच. यात जादू काही नव्हती. माय सहाची वाट बघायला लागली, आणि वाट बघणारा माणूस पळून जात नाही.

बुद्धाची गोष्ट विनयात आहे. एक भिक्खू हगवणीनं आपल्याच घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडं बघत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवंतानं आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतला, उचलून खाटेवर निजवला. मग संघाला जमवून सांगितलं की आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा. आणि सेवा करणाऱ्याच्या अंगी काय पाहिजे तेही सांगितलं. औषध तयार करता आलं पाहिजे. पथ्य काय नि अपथ्य काय हे कळलं पाहिजे. मन लोभाचं नको, मैत्रीचं पाहिजे. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढायची किळस नको. आणि रोग्याला वेळोवेळी धीर देता आला पाहिजे. अडीच हजार वर्षांमागं घाण काढणं आणि धीर देणं एकाच माणसाचं काम ठरवलं होतं. इथल्या समाजानं ते तोडलं. घाण काढणं एका जातीकडं, धीर देणं दुसऱ्या जातीकडं, आणि दक्षिणा तिसऱ्याच गोष्टीची.

इथं कुणी म्हणेल, मग सिस्टरांनी सावित्रीबाईंचा आदर्श ठेवावा. थांबा जरा. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई आणि डॉक्टर यशवंत यांनी पुण्याजवळ सासाणे मळ्यात दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या पोराला त्यांनी पाठीवर घालून आणलं. पोरगा जगला. त्या १० मार्चला प्लेगनं गेल्या. पिसवा प्लेग पसरवतात हे तोवर सिद्ध झालेलं नव्हतं. आज सगळं माहीत आहे. तेव्हा सावित्रीबाईंचा फोटो भिंतीवर लावायचा आणि सिस्टरला एक मास्क आठवडाभर वापरायला सांगायचं, याला आदर्श म्हणत नाहीत. ही लबाडी आहे. त्याग स्वतःहून करायचा असतो, मस्टरवर सही घेऊन करवून घ्यायचा नसतो.

करोनात हेच झालं. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात सुमारे १२०० खाटांचं कोविड केंद्र उभं राहिलं. जिथं लोक गाड्या नि फर्निचर बघायला जायचे तिथं माणसं श्वासासाठी तडफडत होती. सिस्टर लोक प्लास्टिकच्या पोशाखात तासन्‌तास, पाणी नाही, लघवी नाही. कैक जणींनी छातीवर पेननं आपलं नाव लिहिलं, कारण रोग्याला त्या सगळ्या सारख्याच पांढऱ्या भुतासारख्या दिसायच्या. ते नाव लिहिणं म्हणजे काय ते आता कळावं. २२ मार्च २०२० ला देशानं गॅलरीत उभं राहून टाळ्या-थाळ्या वाजवल्या. त्यानंतर कित्येक शहरांत त्याच गॅलऱ्यांमधून सिस्टरला सांगितलं गेलं, खोली खाली कर. शेवटी २२ एप्रिलला १८९७ च्याच साथरोग कायद्यात दुरुस्तीचा अध्यादेश काढून त्यांचं रक्षण करावं लागलं. सेवा चालते, सेवा करणारी शेजारी चालत नाही. हे सूत्र आपल्याला नवीन आहे का?

आणि हिशेब सिस्टरपाशी थांबत नाही. दवाखान्यात मावशी म्हणजे आया, मामा म्हणजे वॉर्डबॉय. नातं जोडायला पैसे पडत नाहीत. फरशी मावशी पुसते. बेडपॅन मावशी धुते. कचऱ्याचे रंग ठरलेले आहेत. रक्तापुवाचे बोळे पिवळ्यात, नळ्या-प्लास्टिक लालमध्ये, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. घाईत कुणी सुई पिवळ्या पिशवीत टाकली तर ती मावशीच्या बोटात जाते. २०१६ च्या नियमांप्रमाणं असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, आणि धनुर्वाताची लस दिली पाहिजे. कंत्राटी मावशीला जाऊन विचारा, दिली का? ती हसते. तिची जात विचारावी लागत नाही. डॉक्टर हात धुतो, सिस्टर हात धुते, पण ज्या हातांनी फरशी पुसली जाते त्या हातांवर हातमोजा नसेल, तर तो दवाखाना स्वच्छ नाही, नुसता शुद्ध आहे.

पहिल्या सिस्टरवर मी रागावलो होतो. नंतर एक रात्र तिच्या वॉर्डात बसून काढली. तीसच्या वर रोगी, सिस्टर एकटी. नर्सिंग कौन्सिलच्या कागदावर साध्या दवाखान्यात पाच रोग्यांमागं एक नर्स आहे. हात चोळायला वीस सेकंद लागतात. प्रत्येक रोग्याआधी एकदा, नंतर एकदा. तीस रोग्यांच्या एका फेरीत नुसत्या हातांनाच वीस मिनिटं. त्यावर सलाईन, इंजेक्शन, लघवीची पिशवी फरशीला लागू न देता टांगणं, निजून राहिलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलणं. तिनं बोलायचं कधी? तिला वेळ नव्हता हे खरं. पण पेला हातात द्यायला आणि वरून ओतायला वेळ सारखाच लागतो, हेही खरं. पहिल्याचा जाब सरकारला नि दवाखान्याला विचारला पाहिजे. दुसऱ्याचा जाब तिचा तिनं द्यायचा आहे. आणि आपला आपण.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं की सोवळं हेच विज्ञान होतं, तर त्याला तीन गोष्टी विचारा. तुझा पहिला संशय कुणावर, स्वतःच्या हातावर की समोरच्याच्या? तुझा नियम सगळ्यांना सारखा की आडनाव बघून? आणि अंतर ठेवताना तू कारण सांगतोस की तोंड फिरवतोस? तिन्हींची उत्तरं धड आली तर त्याला मायच्या खोलीत यायला हरकत नाही.

माय सहा महिने गोळ्या घेऊन बरी झाली. एकही दिवस चुकवला नाही. वस्तीत ती अजून सांगते की वाशीला एक पोरगी होती, ती माझ्यासाठी हात धुवायची. म्हातारीच्या सबंध जन्मात लोकांनी तिला शिवून झाल्यावर हात धुतले होते. शिवण्याआधी धुणारी ती पहिलीच.